कुंपणालगतचा बांबू हिरवळीत शिरलाय, आवरायचा कसा?

अर्धवट_माळी
मंडळी, पाच वर्षांपूर्वी शेजारची खिडकी आणि आमची खिडकी यांची रोजची नजरानजर टाळायला कुंपणालगत बांबूची तीन रोपं लावली. पहिली दोन वर्षं ती ढिम्म. मी रोज पाणी घालून चौकशी करायचो, त्यांच्याकडून काही उत्तर नाही. तिसऱ्या वर्षी थोडे कोंब आले, चौथ्या वर्षी झकास आडोसा झाला आणि घरात माझं चक्क कौतुक झालं.

यंदा कुंपणापासून दहा-बारा फुटांवर, ऐन हिरवळीत कोंब आलेत. तेही एका ओळीत, सुतार दोरी धरून रेघ मारतो तसे. परवा एक फरशीच्या सांध्यातून डोकं काढताना सापडला आणि त्याचा मोहरा शेजाऱ्यांच्या बाजूला आहे. शेजाऱ्यांनी अजून पाहिलेला नाही (असं मला वाटतं).

बांबू काढायचा नाहीये, आडोसा हवाच आहे. दिसेल तो कोंब कापत राहिलो तर भागेल का? जमिनीत शीट गाडतात म्हणे, ती खरंच अडवते का? आणि शेजाऱ्यांना आपण होऊन सांगावं की गप्प बसावं?

निवांत७
शीर्षकात 'बांबू' वाचून वाटलं पगारवाढीचा धागा आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तुम्ही नाही सांगितलंत तर कोंब सांगेल.

शेवंती
आधी जात कोणती ते कळू द्या, बाकी सगळं त्यावर आहे. बेट करून राहणारा बांबू दहा फुटांवर जाऊन कोंब काढत नाही, त्यामुळे तुमचा पळणाऱ्यांतला दिसतोय. पण खात्री करून घ्या. एका काठीवर फांद्या फुटतात ती जागा बघा. तिथून वरच्या कांड्याला एका बाजूने चपटेपणा किंवा पन्हळीसारखी खोबण आहे का? आणि एका पेरावर फांद्या किती?

अर्धवट_माळी
आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. खोबण आहे, अंगठा फिरवला की लागते. फांद्या दोन-दोन, एक जाड, एक बारीक. अजून एक, काही काठ्यांच्या बुडाशी पेरं अगदी चिकटून चिकटून आहेत, मध्येच तिरकी नि फुगीर. मला वाटायचं पाणी कमी पडलं म्हणून. रोपं देणाऱ्याने नाव नुसतं 'सोनेरी बांबू' सांगितलं होतं.

पेरापेरांत
मग फायलोस्टॅकिस, म्हणजे पळणाऱ्या बांबूंचं एक कुळ, त्यातही ऑरिया ही जात असण्याची शक्यता दाट. बुडाशी दाटीने आलेली वेडीवाकडी पेरं ही त्याची खूणच. पळण्यात पटाईत.

'सोनेरी बांबू' या नावावर कुणी जाऊ नका. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असणाऱ्या बांबुसा व्हल्गॅरिसलाही लोक सोनेरीच म्हणतात, आणि तो बिचारा बेट करून एका जागी राहतो. नाव एक, स्वभाव दोन.

फरक जमिनीखाली आहे. बांबू म्हणजे गवत, आणि आपण ज्याला मुळी म्हणतो ते मूळ नसून आडवं वाढणारं खोड आहे, म्हणून तर त्याला पेरं असतात. बेटाच्या बांबूचा हा कंद आखूड, जाड नि वाकडा असतो. त्याचं टोक वर वळतं आणि त्याचीच काठी होते. पुढचा कंद त्याच्या कुशीतून निघतो, म्हणून बेट वर्षाला थोडं थोडं फुगतं, बस. फायलोस्टॅकिसचा कंद बारीक, लांब, आणि त्याचं टोक सहसा वर येतच नाही. ते पुढे पुढेच जातं. काठ्या फुटतात त्या पेरांवरच्या डोळ्यांतून. तुम्हाला कोंब एका रेषेत दिसतायत ते यामुळे, खालून एकच कंद चाललाय. पहिली दोन वर्षं तो ढिम्म नव्हता हो, खाली संसार मांडत होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. कोंब कापल्याने त्या जागची काठी टळते, कंद थांबत नाही. त्याला रसद कुंपणाजवळच्या हिरव्यागार काठ्यांकडून चालूच आहे.

काका_बागवाले
एवढं शास्त्र कशाला? सरळ सिमेंटचा चर बांधून काढा. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी बांधला, बांबू अजून आत आहे.

फावडेबहाद्दर
काका, तुमचा नक्की पळणाराच आहे ना? बेटाचा असेल तर तो सिमेंट नसतं तरी आतच राहिला असता. :)

काका_बागवाले
जाडजूड आहे, काटे आहेत.

पेरापेरांत
काटे असलेला म्हणजे बहुधा बांबुसा. काका, तुमचा चर वीस वर्षं बिनकामाचा उभा आहे.

काका_बागवाले
चर छान आहे. त्यावर मी संध्याकाळी बसतो.

फावडेबहाद्दर
आता शीटबद्दल. मी हे दोनदा केलंय, कारण पहिल्यांदा चुकलं. सविस्तर लिहितो, म्हणजे निदान माझ्या पाठदुखीचा कुणाला तरी उपयोग होईल.

पहिल्या वेळी जी मिळाली ती पातळ शीट आणली, दोन फूट खोल चर खणला, शीट जमिनीच्या सपाटीला आणून वरून पालापाचोळा पसरला. दिसायला इतकं सुबक की मी फोटो काढून इथेच टाकला होता. दोन टोकं फूटभर एकावर एक घेऊन चिकटपट्टीने जोडली. दीड वर्षाने पाचोळा उपसला तर त्याच्याखालून, शीटच्या काठावरून, एक कंद आरामात पलीकडे उतरलेला. आम्ही पायरी ओलांडतो तसा. आणि जोडापाशी दुसरा, चिकटपट्टी सोलून दोन थरांच्या मधून गेलेला. जोडातून बाहेर पडलेलं त्याचं टोक अजून आठवतं. शिंगासारखं, पिवळट, खवल्यांत गुंडाळलेलं आणि इतकं टोकदार की बोटाला टोचलं.

दुसऱ्या वेळी एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) दोन मिलिमीटर जाडीची शीट घेतली, रुंदी ७५ सेंटिमीटर. त्यातली ७० जमिनीत, ५ वर. हे वरचे ५ सेंटिमीटर सगळ्यात महत्त्वाचे. कंद शीटला धडकला की वर येतो, आणि काठ उघडा असला तर ओलांडताना दिसतो. दिसला की कापायचा. शीट उभी न लावता वरचा काठ बांबूपासून बाहेरच्या बाजूला किंचित कलता ठेवला, म्हणजे धडकलेलं टोक खाली न दबता वर सरकतं. जोडाला दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या लावून नटबोल्टने आवळलं. चर हवा तेवढाच खोल खणला आणि शीटच्या तळाशी माती ठोकून घट्ट केली. बहुतेक कंद वरच्या फूटभर मातीतच हिंडतात. पण खाली तुम्ही भुसभुशीत खतमाती भरलीत तर त्याला खोल जाण्याचं आमंत्रणच.

तेव्हा उत्तर: शीट वळवते, कायमची अडवत नाही. वर्षातून दोनदा काठावरून फेरी मारायची नसेल तर लावू नका.

रानजाई
वाचनखूण साठवली. 'आम्ही पायरी ओलांडतो तसा' वाचून अंगावर काटा आला.

निवांत७
ओसरी दिली की हातपाय पसरी. म्हण तयार करणाऱ्याच्या अंगणात बांबूच असणार.

शेजारधर्म
मी पलीकडचा माणूस आहे. म्हणजे ज्याच्या अंगणात दुसऱ्याचा बांबू येतो तो.

आमच्या शेजाऱ्यांनीही आडोशासाठीच लावला होता. तीन वर्षांनी आमच्या फुलांच्या वाफ्यात पहिला कोंब. सांगितलं, तर हसून म्हणाले, कापून टाका की! मी कापले. पुढल्या वर्षी नऊ. त्यानंतर सांडपाणी तुंबायला लागलं. चेंबर उघडला तर नळीच्या जोडातून आत केसांच्या जटेसारखा मुळ्यांचा गुंता. त्या दिवशी जो आवाज मी चढवला तो आजवर उतरलेला नाही. आता येता-जाता मान खाली.

माळीबुवा, आज सांगाल तर ती बातमी असेल. पुढल्या वर्षी सांगाल तर कबुली.

पेरापेरांत
शेवटचं वाक्य भारीच. एक खुलासा: धडधाकट नळी किंवा पाया बांबू फोडत नाही. असलेली फट, सैल जोड त्याला पुरतो, आत ओल मिळाली की मुळ्या तिथे मावेल तेवढ्या भरतात. म्हणजे शेजारधर्म यांच्या नळीचा जोड आधीपासून गळत असावा.

शेजारधर्म
म्हणजे चूक माझीच. छान.

पेरापेरांत
तसं नाही हो. बांबू तुमच्या हद्दीत यायलाच नको होता. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने तर २०१३ साली पळणाऱ्या बांबूवर कायदाच केला. दुसऱ्याच्या जमिनीत शिरून नुकसान झालं तर जबाबदारी लावणाऱ्याची. तिथे हद्दीच्या ४० फुटांच्या आत लावायचा तर नीट अडसर हवा किंवा जमिनीच्या वर कुंडीत तरी हवा.

कुंडीवाली
कुंडीचा विषय निघालाच आहे तर. मीही 'कुंडीत आहे, कुठे जातोय' म्हणत निर्धास्त होते. कुंडी मातीवर ठेवली होती. एक दिवस जागा बदलायला म्हणून उचलायला गेले, हलेचना. तळाच्या भोकातून कंद बाहेर पडून पार जमिनीत. कुंडीला दावं बांधल्यासारखं झालं होतं. शेवटी करवत घालून सोडवली.

तेव्हा कुंडी फरशीवर किंवा विटांवर ठेवा, मातीवर नको. पोटाकडे फुगीर नि तोंडाशी निमुळती कुंडी तर घेऊच नका. दोन-तीन वर्षांत आत कंद भिंतीला लागून गोल गोल फिरतात, मग बांबू काढायचा तर कुंडी फोडावी लागते. मातीची असेल तर तोच फोडतो. दर दोन-तीन वर्षांनी बाहेर काढायचा, करवतीने अर्धा करायचा, नव्या मातीत लावायचा.

निवांत७
माझ्या टेबलावर काचेच्या भांड्यात 'लकी बांबू' आहे. भांडं फरशीवर ठेवू का?

कुंडीवाली
तो बांबूच नाही. ड्रॅसिना आहे. निवांत राहा.

निवांत७
म्हणजे लकीही नाही नि बांबूही नाही. चार वर्षं पाणी बदलतोय मी त्याचं.

हिरवळप्रेमी
एवढं खणत कशाला बसता? हिरवळीतल्या कोंबांवर तणनाशक मारा, विषय संपला.

शेवंती
नाही संपत. कोंबाला पान नसताना फवारलं तर फारसं आत जातच नाही. आणि पानं फुटू देऊन मारलं तर ग्लायफोसेटसारखं तणनाशक कंदातून आत पसरतं. हिरवळीतला कंद कुंपणाच्या बांबूला जोडलेलाच आहे, आडोसा पण पिवळा पडायचा. जोड तोडल्याशिवाय हा प्रयोग नको, आणि तेव्हाही एका फवाऱ्यात काम होत नाही, पुन्हा पुन्हा मारावं लागतं. हिरवळ जाते ती वेगळीच.

मीठ, रॉकेल, उकळतं पाणी असले उपाय सुचवायच्या आधीच सांगते, त्याने माती खराब होते आणि बांबूचं काही जात नाही.

रानजाई
बांबूला फुलं आली की तो मरतो असं ऐकलंय. मग वाट पाहिली तर?

पेरापेरांत
पाहा. फायलोस्टॅकिस बांबुसॉयडिस साधारण १२० वर्षांनी फुलतो.

मिझोराममधला मेलोकॅना जातीचा बांबू ४८ वर्षांनी. तिथे १९५९ साली आणि पुन्हा २००७च्या सुमारास फुलला तेव्हा बियांवर उंदीर इतके माजले की पुढे त्यांनी शेतंच्या शेतं फस्त केली. तिथले लोक त्याला 'मौतम' म्हणतात. म्हणजे फुलण्याची वाट बघणं हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार.

फावडेबहाद्दर
(माळीबुवांचा आडोसा १२० वर्षांचा ठरला. नातवंडांच्या नावावर करून टाका.)

शेवंती
गाडी रुळावर आणते. अर्धवट_माळी, तुमच्यासाठी शीटपेक्षा उघडा चर बरा असं मला वाटतं. फावडेबहाद्दरांची पद्धत चूक नाही, पण तुमचा बांबू पाच वर्षांचा आहे, त्याच्याभोवती ७० सेंटिमीटर खोल खणायचं म्हणजे दर वितीला कंद आडवा येणार.

मी गेली सात वर्षं हे करतेय. बांबूच्या पट्ट्याभोवती फूटभर रुंद, फूटभर खोल चर. त्यात रेती किंवा सुका पाला, माती नाही. कोंबांचा हंगाम संपला की कंद पळायला लागतात, तेव्हा एकदा, आणि वाढ थंडावायच्या आधी एकदा, हाताने पाला बाजूला करायचा. कंद चर ओलांडताना सापडतो. नवा असतो तेव्हा मोठ्या कात्रीने सहज तुटतो. वर्षभर राहिला की करवत लागते, दोन वर्षांचा झाला की पहार. मला एका बाजूला पाऊण तास लागतो, बाकी वेळ मांजर चरात झोपतं.

एक चूक सगळे करतात. कंद तोडला की पलीकडचा तुकडा मेला असं धरून चालतात. नाही मरत, त्याच्यात साठा असतो. एक तर तो उपसून काढा, नाहीतर त्याला येईल तो कोंब पानं फुटायच्या आत मोडा. कोवळा कोंब टाचेने मोडतो, कात्रीही नको. दोन-तीन हंगाम पानच मिळालं नाही की संपतो.

काका_बागवाले
हे पटलं. चरावर बसताही येतं.

फावडेबहाद्दर
शेवंतीताईंशी अर्धा सहमत. ज्याला वर्षातून दोनदा आठवण राहते त्याला चर उत्तम. मला नाही राहत. शीटने निदान विसरल्याची शिक्षा उशिरा मिळते.

आणि चर बांबूला अगदी खेटून खणू नका, दोन-तीन फूट जागा सोडा. कंदच उरले नाहीत तर काठ्यांना आधार कशाचा, एका वादळात आडवा होईल.

अर्धवट_माळी
तीन आठवड्यांनी येतोय, मध्यंतरी हात कीबोर्डवर टेकत नव्हते.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि चराला कौल दिला. घराच्या बाजूचा पूर्ण झालाय. आदल्या रात्री पाणी सोडून माती मऊ केली, तरी पहिल्या दिवशी सहा फूटच झाला. कंद आधी ओळखूच येईना. मला वाटलं कुणी जुनी केबल गाडलीय. बोटाएवढा जाड, फिकट पिवळा, दर दोन इंचांवर पेर, पेराभोवती बारीक मुळ्यांचं कडं. हिरवळीकडे गेलेला तोडून मग हळूहळू ओढत, खणत, ओढत काढला. तीन तुकड्यांत निघाला. गच्चीवर टोकाला टोक लावून मोजला: २१ फूट. कोंब अकरा होते. त्याच्यावर अजून डोळे किती आहेत ते मुलीने मोजायला घेतलं आणि साठनंतर कंटाळून सोडून दिलं.

फरशीखालचा निघाला नाही. तो तोडून ठेवलाय, टाचेने मोडायची जबाबदारी मुलीने आनंदाने घेतलीय.

राहिला तिसरा प्रश्न. शेजारधर्म यांचं 'बातमी आणि कबुली' डोक्यात बसलं होतं, म्हणून रविवारी सकाळी गेलो. दारातच सुरुवात केली की जरा बागेचं बोलायचं होतं. ते म्हणाले, या, मागेच चला. मागे त्यांच्या वेलांच्या मांडवाला नऊ काठ्या उभ्या. हिरव्या, बुडाशी पेरं चिकटून चिकटून आलेल्या. मी बघतच राहिलो. म्हणाले, गेल्या वर्षीपासून येतायत, आम्ही तुम्हाला सांगणारच होतो, पण तुम्ही इतक्या हौसेने लावलाय, उगाच वाईट वाटेल.

शेजारधर्म
असेही शेजारी असतात?

निवांत७
म्हणजे नजर टाळायला लावलेल्या बांबूने घरी जायची वेळ आणली.

शेवंती
पण त्यांच्या बाजूला कंद गेलाय म्हणजे कुंपणाखालून रस्ता झालाय. त्या बाजूचा चर कुठे घेणार? तुमच्याकडे जागा आहे का?

अर्धवट_माळी
तिथेच अडलंय. बांबू आणि कुंपण यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर. शेजारी म्हणतात, चर आमच्या बाजूला खणा, फक्त मांडवाकडचा तो एक कंद तोडू नका, पुढच्या वर्षी अजून चार काठ्या हव्यात.

फावडेबहाद्दर
त्या बाजूला शीटच लावा. माझी जुनी पातळ पडून आहे, पण ती नको.

पेरापेरांत
आणि त्यांना सांगा की एक कंद ठेवणं असं काही नसतं.

अर्धवट_माळी
सांगितलं. म्हणाले, एकच ठेवू, बघू काय करतो ते.